नवा गिझर, जुनी फिटिंग: काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं

जुना गिझर भिंतीवरून उतरला की फरशीवर एक छोटा ढीग जमतो. दोन कनेक्शन पाईप, एक सेफ्टी व्हॉल्व्ह, एक-दोन पितळी निपल (म्हणजे टोकांना आटे, स्क्रूसारख्या खाचा, असलेले छोटे नळीचे तुकडे), चपटे झालेले वॉशर. नवा गिझर खोक्यात तयार असतो, हात ओले असतात, आणि ढिगाकडे बघून मनात येतं की हे सगळं कालपर्यंत चालत होतं, आजही चालेल.

यातलं काही खरंच चालेल. पण "काल गळत नव्हतं" ही कसोटी इथे लागू होत नाही. बसलेला सांधा आणि उघडून पुन्हा बसवलेला सांधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिल्यापासून एकच नियम पाळत आलो आहे: ज्यात रबर, स्प्रिंग किंवा चिकटवलेला जोड आहे ते परत वापरायचं नाही; जे निव्वळ धातूचं आहे ते तपासून वापरायचं. पुढचा सगळा लेख म्हणजे या नियमामागची कारणं आणि तपासायची रीत.

इथे मी भिंतीवर टांगायच्या, विजेवर चालणाऱ्या, टाकीच्या गिझरबद्दल बोलतो आहे. गॅसच्या गिझरला पाण्याच्या सांध्यांचे हेच नियम लागू होतात, पण त्याची गॅसची नळी आणि धूर बाहेर नेणारा पाईप ही कामं जाणकार माणसाकडूनच करून घ्या.

काढण्याआधी बघून घ्या

पाना हातात घेण्यापूर्वी दहा मिनिटं नुसतं बघा. गार पाण्याचा पाईप कुठला आणि गरमचा कुठला, त्याचा फोटो काढा. गिझरच्या तळाला गारच्या तोंडाशी बहुतेक वेळा निळी खूण असते आणि गरमच्या तोंडाशी लाल. मग प्रत्येक सांध्यावर बोट फिरवा. पांढरा, खडूसारखा थर म्हणजे तिथे पाणी झिरपून वाळत आलं आहे आणि मागे क्षार उरले आहेत. हिरवट थर पितळ किंवा तांब्यावर येतो, तांबूस थर लोखंडाच्या गंजाचा. असा डाग दिसलेला भाग मनात आत्ताच बाजूला काढून ठेवा.

आता भिंतीतला अँगल कॉक, म्हणजे गिझरला जाणारं पाणी बंद-चालू करणारा कॉक, पूर्ण बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. धार थोड्या वेळात थांबायला हवी. थेंब-थेंब येतच राहिले, तर कॉक पाणी नीट अडवत नाही किंवा मिक्सरमधून (गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळातून) गार पाणी गरमच्या बाजूला शिरतं आहे. कॉकचाच दोष असेल, तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून काम करावं लागेल आणि कॉकही आजच बदलावा लागेल. हे गिझर उतरवल्यानंतर कळलं तर घरभर बादल्या फिरतात.

वीज, पाणी, वजन

फक्त बटण बंद करून थांबू नका. एमसीबी पाडा, प्लग काढा, आणि थेट वायरचा जोड असेल तर टेस्टरने वीज नाही याची खात्री करा. काल-परवा तापवलेलं पाणी आत असेल तर ते गार होऊ द्या.

रिकामं करताना नवख्यांची एक गल्लत होते. गरम पाण्याच्या नळातून पाणी यायचं थांबलं की टाकी रिकामी झाली असं वाटतं. तसं नसतं. गरमची नळी टाकीच्या आत वरपर्यंत गेलेली असते. खालून गार पाणी शिरतं आणि वरचं गरम पाणी ढकललं जातं. गारचा पुरवठा बंद झाला की ढकलणारं कोणी नाही, म्हणून नळ थांबतो, टाकी मात्र भरलेलीच असते. पाणी काढायचं ते गारच्या तोंडाने. तिथे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हचा छोटा दांडा उचलून धरा, किंवा खाली रिकामं करायचा बूच असेल तर तो उघडा. गरमचा नळ त्या वेळी उघडा ठेवा, म्हणजे हवा आत जाईल. १५ लिटरच्या टाकीत १५ किलो पाणी असतं, वर गिझरचं स्वतःचं वजन. रिकामा केल्याशिवाय भिंतीवरच्या हुकावरून उचलू नका, आणि रिकामा असला तरी दोघांनी उचला.

दोन पाने, एक नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुना नट जाम झालेला असतो. एकाच पान्याने जोर लावला की तो जोर नटावर थांबत नाही, मागच्या निपलमधून भिंतीतल्या एल्बोपर्यंत (काटकोनी जोडापर्यंत) जातो. भिंतीत सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाईप) असेल तर एल्बो तडकतो, जुना लोखंडी पाईप असेल तर गंजलेल्या आट्यांपाशी तुटतो. मग गिझरचं काम बाजूला राहतं आणि टाईल फोडायचं काम सुरू होतं. म्हणून एक पाना नटावर आणि दुसरा मागच्या भागावर उलट दिशेने धरून ठेवायचा. फिरायचं ते फक्त नटाने.

नट हलतच नसेल तर गंज सोडवणारं तेल लावून अर्धा तास थांबा. वर फडकं गुंडाळून गरम पाणी ओतलं तरी उपयोग होतो. पाईपाजवळ ज्योत मात्र नेऊ नका, प्लास्टिक पाईप असेल तर नाहीच नाही. तरीही हलला नाही, तर नटच करवतीने कापून टाका. नवा नट मिळतो, भिंतीतला एल्बो सहज मिळत नाही.

जे नक्की बदलायचं

वॉशर. रबराचा वॉशर दाबला गेला की त्या दाबाचा आकार धरतो, आणि गरम पाण्याजवळ हे लवकर होतं. जुना वॉशर नखाने दाबून बघा, कडक लागेल, कडेला नटाची गोल खाच उमटलेली दिसेल. ती खाच नव्या तोंडावर तंतोतंत बसत नाही. घट्ट आवळून आज थांबेलही, पण पहिल्या तापण्या-निवण्यात पाझरायला लागेल.

कनेक्शन पाईप. बाहेर स्टीलच्या तारांची चमकदार वीण, म्हणून हा पाईप धातूचा वाटतो. पाणी मात्र आतल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या नळीतून वाहतं, वीण फक्त तिला फुगू देत नाही. आतली नळी कडक झाली, चिरली, तरी बाहेरून काही दिसत नाही. मी एकदा वरून स्वच्छ दिसणारा जुना कनेक्शन पाईप नव्या गिझरला परत लावला होता. काही आठवड्यांनी तो नटाच्या मानेपाशी फाटला आणि घरात पाणी शिरलं. उघडून बघितलं तर आतली नळी त्याच जागी मोडलेली होती, जिथे मी नव्या गिझरच्या अंतराशी जुळवायला तिला जास्त वाकवलं होतं. त्या दिवसापासून गिझर बदलला की दोन्ही पाईप नवे. घेताना त्यावर गरम पाण्यासाठी चालेल असं लिहिलेलं आहे का ते वाचा, आणि लांबी अशी घ्या की वळण सैल राहील, ताण येणार नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह. याबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. २० अंशांचं पाणी ७० अंशांपर्यंत तापलं की सुमारे २ टक्के फुगतं. १५ लिटरच्या टाकीत ते साधारण ३०० मिलिलिटर होतं, म्हणजे मोठा पेला भरून. गारच्या बाजूला पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असेल आणि सगळे नळ बंद असतील, तर या जास्तीच्या पाण्याला जागा नसते. पाणी दाबून मावत नाही, म्हणून टाकीतला दाब झपाट्याने चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थोडंसं पाणी बाहेर सोडून तो उतरवतो. तापवताना या व्हॉल्व्हमधून काही थेंब पडतात ते यामुळेच. तो बिघाड नाही.

थर्मोस्टॅट आणि पाणी फार तापलं की वीज तोडणारा त्याच्या जोडीचा कटआउट दोन्ही अडकले तर गोष्ट गंभीर होते. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. टाकी फाटली की दाब एकदम जातो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. ती वाफ मूळ पाण्याच्या जवळपास १६०० पट जागा मागते. हा प्रसंग टाळायला शेवटी उरतो तो हाच अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह. जुन्या व्हॉल्व्हची स्प्रिंग क्षारांत बसलेली असते, आतलं रबर बैठकीला चिकटलेलं असतं. दांडा उचलल्यावर पाणी येतं म्हणून तो ठरलेल्या दाबाला आपणहून उघडेल असं होत नाही. शिवाय प्रत्येक टाकीची दाब सोसायची क्षमता वेगळी असते. ती गिझरवरच्या पट्टीवर लिहिलेली असते. नव्या टाकीला तिच्या खोक्यातला किंवा तिच्या क्षमतेला जुळणाराच व्हॉल्व्ह लावा. त्याचं गळतीचं तोंड कधीही बंद करू नका, आणि टाकी व सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये दुसरा कॉक बसवू नका.

पूर्वी उंचावरच्या टाकीतून पाणी यायचं आणि आता पंप बसवला असेल, तर दाबाचा हिशेब पुन्हा करा. १० मीटर उंचीचं पाणी साधारण १ बार दाब देतं. पंप त्याच्या दोन-तीन पट सहज देतो, आणि जुन्या दाबावर शांत बसलेले सांधे नव्या दाबावर बोलायला लागतात.

जे तपासून ठेवता येतं

निपल, एल्बो, सॉकेट (आतून आटे असलेला जोड), युनियन (नट फिरवून सोडता येणारा जोड) यांतले धातूचे भाग पुन्हा वापरायला माझी हरकत नाही. उलट जाड, जुनं पितळ कित्येकदा नव्या पातळ पितळापेक्षा भरवशाचं निघतं. फक्त आधी ते पितळ आहे का ते बघा. चुंबक लावा, चिकटलं तर वर मुलामा असलेलं लोखंड आहे.

आट्यांवरचा जुना टेफ्लॉन टेप, धागा, लेप सगळं तारेच्या ब्रशने काढा. क्षारांचा थर असेल तर पितळी भाग तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, मग ब्रश मारून स्वच्छ धुवा. जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी भाग मात्र व्हिनेगरमध्ये ठेवू नका, आम्ल मुलामाच खातं.

धुतल्यावर पितळाचा रंग बघा. कुठे तांब्यासारखी गुलाबी छटा आणि जवळ पांढरी भुकटी दिसली, तर त्या जागी पितळातलं जस्त पाण्याने ओढून नेलं आहे. उरलेला धातू स्पंजासारखा पोकळ असतो, पान्याखाली बिस्किटासारखा मोडतो. कानशीने हलकं खरवडून बघा: आतून पिवळं निघालं तर ठीक, आतही गुलाबी असेल तर टाकून द्या. लोखंडी निपल उजेडाकडे धरून आरपार बघा. आतून गंजाने भोक अरुंद झालं असेल तर बाहेरून कितीही छान दिसो, तो ठेवू नका. त्या गंजाचे कण पुढे शॉवरच्या जाळीत आणि मिक्सरच्या आतल्या कार्ट्रिजमध्ये जाऊन बसतात.

आता आटे. पहिले दोन आटे मोडलेले, चपटे झालेले नकोत. टेप न लावता निपल हातानेच सॉकेटमध्ये फिरवा. तीन-चार फेरे सहज गेला आणि मग घट्ट व्हायला लागला तर आटे चांगले आहेत. डगडगत शेवटपर्यंत गेला तर झिजले आहेत. असा सांधा टेपचे थर चढवून भरायचा मोह होतो, पण तो टिकत नाही.

आट्यांमध्ये आणखी एक फसगत आहे. पाईपाच्या आट्यांची बीएसपी हे ब्रिटिश माप आणि एनपीटी हे अमेरिकन माप; अर्धा इंची बीएसपी आणि अर्धा इंची एनपीटी या दोन्ही मापांत इंचाला १४ च आटे असतात. त्यामुळे एक दुसऱ्यात काही फेरे बिनबोभाट जातो. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश असतो आणि एनपीटीचा ६०, म्हणून ते एकमेकांत नीट बसत नाहीत आणि गळतात. जुना भाग एका मापाचा आणि नवा गिझर दुसऱ्या मापाचा असेल तर मध्ये योग्य जोडणी घ्या, जोर लावू नका.

भिंतीतून तांब्याचा पाईप येत असेल आणि पुढे लोखंडी भाग असेल, तर त्यांना थेट जोडू नका. पाण्याच्या साक्षीने दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की त्यांत बारीकसा विद्युतप्रवाह चालू होतो आणि कमी दर्जाचा धातू, म्हणजे इथे लोखंड, झिजत जातो. मध्ये पितळी जोड किंवा प्लास्टिकची बाही असलेला इन्सुलेटेड युनियन घाला. आधीचा असा युनियन असेल तर तो मात्र ठेवू नका, त्याचं सगळं काम आतल्या बाहीवर आणि वॉशरवर असतं आणि गरम पाण्याने दोन्ही कडक झालेले असतात.

सीपीव्हीसी आणि पीव्हीसी

पाईपावरची छपाई वाचा. सीपीव्हीसीची मर्यादा साधारण ९३ अंश असते, साध्या पीव्हीसीची ६०. गरमच्या बाजूला पूर्वी कोणी पीव्हीसी लावलं असेल, तर ते आजवर टिकलं म्हणून ठेवू नका. सीपीव्हीसीचा चिकटवलेला जोड सुटत नाही. सुटला असं वाटलं तर तो तुटलेला असतो. भाग बदलायचा असेल तर पाईप सरळ कापा, कड साफ करा आणि नव्या कपलरने जोडा. सॉल्व्हंट (जोड चिकटवायचा द्रव) किती वेळ वाळू द्यायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते हवामानाप्रमाणे बदलतं. तेवढं थांबाच. प्लास्टिकच्या आट्यांचा जुना जोड असेल तर आजच पितळी आटे बसवलेला जोड घ्या, कारण प्लास्टिकचे आटे उघडझाक सहन करत नाहीत.

अँगल कॉकची परीक्षा तुम्ही सुरुवातीलाच घेतली आहे. पास झाला असेल तर राहू द्या. फिरवताना दांड्याजवळ ओल येत असेल तर बदला.

भिंतीतले जुने फास्टनर (गिझर टांगायचे बोल्ट) नव्या गिझरच्या भोकांशी क्वचितच जुळतात. जुळले तरी गंजलेला किंवा हलणारा फास्टनर ठेवू नका. प्लग आणि सॉकेटवर काळसर डाग किंवा वितळल्याची खूण असेल तर दोन्ही बदला. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो आणि ३००० वॅटचा १३. नवा गिझर जुन्यापेक्षा मोठा असेल तर वायर आणि एमसीबी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ते काम गिझर सुरू करण्याआधी व्हायला हवं.

जोडणी

आधी अँगल कॉकखाली बादली धरून तो पूर्ण उघडा. खोदाखोदीत सुटलेला गंज आणि वाळू बाहेर जाऊ द्या, नाहीतर ते थेट नव्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसेल.

टेप फक्त आट्यांनी बंद होणाऱ्या सांध्याला लागतो. जिथे चपटा वॉशर आहे तिथे वॉशरच पाणी अडवतो; आट्यांवर टेप गुंडाळला तर नट पूर्ण बसत नाही आणि वॉशरवर दाबच येत नाही. गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ओढून फिरवा, म्हणजे आवळताना टेप सुटणार नाही. पहिला आटा मोकळा ठेवा. पातळ टेप असेल तर आठ-दहा वेढे, जाड असेल तर चार-पाच. आवळताना थोडं पुढे गेलं म्हणून मागे फिरवू नका. टेपचा सांधा मागे आला की टेप फाटतो. तो काढून पुन्हा गुंडाळा.

वॉशरचे नट हाताने घट्ट होतील तिथपर्यंत न्या, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा. इथेही दोन पाने.

आता गरमचा नळ उघडा ठेवून अँगल कॉक हळूहळू सोडा. आधी फुसफुसत हवा येईल, मग हवा-पाणी मिसळून, आणि शेवटी एकसंध धार. ती धार काही वेळ वाहू द्या. त्याआधी बटण लावू नका, कोरड्या टाकीत हीटरची कॉइल काही क्षणांत जळते.

प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवा. एकदा गार पाण्यावर, एकदा पहिलं तापवणं पूर्ण झाल्यावर, आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं निवल्यावर. तिसरी वेळ बहुतेक जण विसरतात, आणि तापून निवताना धातू प्रसरण पावून आकसल्यावर सैल सांधा तेव्हाच उघडा पडतो. वॉशरच्या सांध्याला ओल दिसली तर लगेच आणखी आवळत सुटू नका. पाणी बंद करा, नट सोडा, वॉशर तिरका बसला आहे का किंवा तोंडावर जुन्या वॉशरचा तुकडा चिकटून राहिला आहे का ते बघा, साफ करा आणि पुन्हा बसवा.